अर्ध्या कोण हलवतं?

लीलाआत्याने आणलेला तो बाहुला आईला पहिल्या दिवसापासून पसंत नव्हता. आत्या कुवेतला नर्स होती. सुट्टीवर आली की तिच्या बॅगेतून साबणाच्या वड्या, दुधाची पावडर, चॉकलेटं असं काय काय निघायचं. त्या वर्षी सगळ्यात शेवटी, टॉवेलात गुंडाळलेला हा निघाला. वीतभर उंची, लाल अंगरखा, हिरवी टोकदार टोपी, लांब लुळे पाय आणि एका बाजूला वळवून रंगवलेले डोळे. तुम्ही कुठेही उभे राहा, तो तुमच्याकडे न बघता तुमच्या मागे कोण आहे ते बघतोय असं वाटायचं. आत्या म्हणाली, हा एल्फ, सांताक्लॉजचा माणूस, माझ्यासोबतच्या एका अमेरिकन नर्सच्या घरची ही पद्धत. डिसेंबर लागला की याला घरात बसवायचं. दिवसभर तो मुलांचं वागणं बघतो, रात्री जाऊन सांगून येतो आणि सकाळी दुसऱ्याच जागी बसलेला सापडतो. मुलांनी त्याला हात लावायचा नाही, लावला की त्याची जादू जाते. माझा धाकटा भाऊ सॅमी तेव्हा दुसरीत होता. त्याने ‘एल्फ’चं ‘हाफ’ ऐकलं. पप्पा हसून म्हणाले, हाफ म्हणजे अर्धा, आणि तेव्हापासून बाहुल्याचं नाव अर्ध्या पडलं.

मी आठवीत होते, म्हणजे असल्या गोष्टींवर विश्वास ठेवण्याचं वय उलटलेलं होतं आणि प्रत्येकावर संशय घेण्याचं नुकतंच सुरू झालं होतं. स्वयंपाकघरात आत्या आईला खरी गोष्ट समजावत होती तीही मी दाराआडून ऐकली. वहिनी, फार काही करावं लागत नाही, मुलं उठायच्या आत नुसती जागा बदलायची, कधी कपात बसवायचा, कधी कपडे वाळत घालायच्या दोरीला लटकवायचा, दोन मिनिटांचं काम आहे. आईने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, घरात माणसं कमी आहेत का एकमेकांवर नजर ठेवायला? पण बाहेर सॅमी बाहुल्यासमोर हात मागे बांधून, श्वास रोखून उभा होता. त्याच्याकडे पाहून तिने बाहुला ठेवून घेतला.

आम्ही तेव्हा गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत, बैठ्या घरांच्या रांगेत राहत होतो. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि शेजारच्या घराशी सामाईक भिंत. भिंतीपलीकडे हमीदाखाला राहायची. तिचा नवरा ट्रकवर होता, चांदवडकडचा कांदा भरून लांब लांब जायचा, त्यामुळे ती बहुतेक एकटीच असायची. खिडकीशी शिवणयंत्र लावून साड्यांना फॉल लावायची, परकर शिवायची. तिच्या यंत्राची घरघर आमच्या घरात इतकी मुरलेली होती की ती थांबली तरच कोणाचं तरी लक्ष जायचं. आईची हॉस्पिटलात दिवसाची ड्युटी. पप्पा सातपूरच्या एका कंपनीत फिटर. त्या दिवसांत त्यांची रोज पहिलीच पाळी असायची. सगळ्यात आधी ते लुनाला किक मारून निघायचे, हँडलला डब्याची पिशवी. मग आई, मग आम्ही दोघं सकाळच्या शाळेला. घराला कुलूप लागायचं ते मी आणि सॅमी दुपारी येईपर्यंत. किल्ल्या आई, पप्पा आणि मी अशा तिघांकडे, आणि जास्तीची एक हमीदाखालाकडे. आमच्यापैकी कोणी किल्ली विसरलं तर बाहेर ताटकळायला नको म्हणून.

नाशिकची थंडी तेव्हा खरोखरची थंडी असायची. अंगणात पाणी तापवायला बंब पेटायचा, त्याचा धूर घरभर. संध्याकाळी चर्चच्या हॉलमधून नाताळच्या गाण्यांची तालीम ऐकू यायची, पेटी एका सुरात आणि बायका दुसऱ्या. पप्पा बांबूच्या कामट्यांना पतंगी कागद लावून दारावर टांगायची चांदणी करायचे. आई ड्युटीवरून आली की पदर खोचून फराळाला बसायची: शंकरपाळे, चकल्या, आणि करंज्या शेवटी, कारण त्या सादळतात. केकचं मिश्रण डब्यात भरून बेकरीत भाजायला द्यायचं, तिथे डब्याला चिकटपट्टीवर आपलं नाव लिहून लावायचं. या सगळ्यात आता पहाटे अर्ध्याला हलवायचं काम आईच्या गळ्यात पडलं होतं. ती ते साधंच करायची. साखरेच्या डब्यात त्याला उभं करून हातात चमचा द्यायचा. सॅमीच्या बुटात बसवायचा. दोरीवर दोन चिमट्यांनी हात लटकवायचे. एकदा ताटाळ्यात ताटांच्या मधे उभा केला होता, आणि ताट ओढताना तो आमटीत पडणार होता. सॅमी उठल्या उठल्या घरभर शोधायचा, सापडला की हात न लावता ओरडून सांगायचा. पप्पा तेव्हा निघायच्या गडबडीत असायचे. ते हसायचे, पण मला तेव्हाही वाटायचं की त्यांचं हसू जरा उशिरा येतं.

मग एक दिवस दुपारी आम्ही घरी आलो तर अर्ध्या सकाळच्या जागी नव्हता. सकाळी तो घड्याळावर होता, आता रेडिओवर, पाय खाली सोडून. सॅमीला काहीच नवल वाटलं नाही, तो म्हणाला, दिवसा पण गेला असेल. मी संध्याकाळी आईला विचारलं. ती म्हणाली, तुम्हीच हलवला असेल. मी सॅमीवर नजर ठेवली, पण त्याचा हात रेडिओपर्यंत पोचतच नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. मी शाळेला निघताना अर्ध्याच्या भोवती फळीवर थोडा मैदा भुरभुरवून ठेवला. आल्यावर बघितलं तर फळी स्वच्छ पुसलेली आणि अर्ध्या खिडकीत. कोणीतरी नुसतं हलवलं नव्हतं, मागे पुसून घेतलं होतं. मला पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा. आपण नसताना घरात कोणीतरी असतं, आणि ते माणूस नीटनेटकं आहे.

मैदा सांडल्याबद्दल आईने मला रागे भरायच्या आधी मी तिला सगळं सांगितलं. मग तीही बघायला लागली. एकदा बघायला लागलं की काय काय दिसतं. चहाची पूड कमी होत होती. सकाळी पालथा घातलेला कप संध्याकाळी ओट्याच्या दुसऱ्या बाजूला पालथा असायचा. काड्यापेटी भरभर संपत होती. आणि एका दुपारी अर्ध्या खिडकीच्या गजाला लटकवलेल्या झोक्यावर बसलेला होता. बारीक तारेचा झोका, कड्या गोल वळवलेल्या, तारेची टोकं कोणाला टोचू नयेत म्हणून आत मुडपलेली. सॅमी आनंदाने वेडा झाला. आई झोक्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, हे आपल्या घरातलं कोणी केलेलं नाही. पप्पा आले, त्यांना दाखवला. त्यांनी झोका बोटाने जरा हलवून पाहिला आणि हातपाय धुवायला गेले. ते हात तारेचंच काम करणारे होते, हे त्या क्षणी आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. पप्पा दिवसा कंपनीत असतात हे आम्ही इतकं धरून चाललो होतो.

हल्लीच्या तरुण आयाही या बाहुल्यांच्या मागे आहेत. सॅमीची बायको पुण्याहून फोन करते, ताई, मुलांना एल्फ आणलाय, रोज काय करू, काहीतरी सोपं सांगा. तिच्या मोबाइलवर कोणी मैत्रिणींनी पाठवलेले फोटो असतात, बाहुला पिठात पोहतोय, बाहुल्याने दाराला फुगे लावलेत. मी तिला आईच्याच युक्त्या सांगते: साखरेचा डबा, बूट, कपड्यांची दोरी. आणि एक गोष्ट बजावते, की हलवायचा तर घरातल्या एकानेच हलवावा आणि ते दोघांनाही माहीत असावं. ती हसते. तिला वाटतं मी थट्टा करते.

आईचा संशय हळूहळू भिंतीपलीकडे गेला. ती बोलली नाही कोणाला, पण खालाच्या यंत्राचा आवाज थांबला की तिचे हात थांबायचे. किल्ली आणखी कोणाकडे आहे, एवढाच तिचा हिशेब होता. पप्पांना तिने जेवताना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? पप्पा म्हणाले, खाला कशाला येईल आपल्या घरात? आई म्हणाली, मग कोण येतं ते सांगा. पप्पांनी भाकरी मोडली. दुसऱ्या संध्याकाळी आई मला बरोबर घेऊन शेजारी गेली. मला का नेलं कोण जाणे, कदाचित एकटीने जायची लाज वाटली असेल. खाला यंत्रावरून उठली, चहा ठेवते म्हणाली. आई उभीच राहिली. “खाला, आमची ती किल्ली देता का, एस्तेरची हरवलीये,” ती म्हणाली. माझी किल्ली माझ्या कंपासपेटीत होती. खालाने माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं. ती आत गेली, किल्ली आणली, ओढणीने पुसली आणि आईच्या हातावर ठेवली. चहाचं नाव पुन्हा निघालं नाही.

त्यानंतर अर्ध्याचं दिवसा हलणं थांबलं. पहाटे आई ठेवेल तिथेच तो दुपारी असायचा. आईच्या चेहऱ्यावर ‘बघितलंत’ असं स्पष्ट होतं. सॅमी हिरमुसला, त्याला वाटलं आपण काहीतरी वाईट वागलो म्हणून अर्ध्या रुसला. भिंतीपलीकडचं यंत्र चालू होतं, पण नळावर पाणी भरताना खाला आणि आई आता वेगवेगळ्या वेळी येऊ लागल्या. आणि मग, सगळं निवलं असं वाटत असताना, एका दुपारी अर्ध्या पुन्हा हललेला. फडताळाला काड्यापेटीतल्या काड्यांची सुबक शिडी टेकवलेली आणि तो तिच्यावर मधेच थबकलेला. मी धावत आईला सांगितलं, बघ, आता तर खालाकडे किल्लीच नाही. मला वाटलं होतं आईला हायसं वाटेल. आई बराच वेळ शिडीकडे बघत होती. मग म्हणाली, “तिने दुसरी करून घेतली असणार.” मी लहान होते, तरी मला तेव्हा कळलं की आता कशानेही हे मिटणार नाही. एकदा माणूस ठरलं की पुरावा आपोआप त्याच्याच बाजूला जाऊन पडतो.

नाताळची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी शाळेत गॅदरिंगची तयारी होती आणि मला तिच्यात भाग नव्हता, म्हणून बाईंनी लवकर सोडलं. सॅमीला त्याच्या वर्गात सोडून मी एकटीच घरी आले. दाराला कुलूप नव्हतं. दार आतून लावलेलं होतं. खालाला हाक मारावी असं पहिलं मनात आलं, आणि लगेच दुसरं, की आत खालाच असली तर? तिच्या यंत्राचा आवाज येत होता म्हणून मला जरा धीर आला. मी मागच्या बाजूने गेले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत बघितलं.

आत पप्पा बसले होते. पाटावर, पाठ भिंतीला टेकून, अंगात कंपनीचा निळा शर्ट, डोळ्यांवर आईने बळेच करून दिलेला चष्मा. शेजारी डबा उघडा, अर्धा खाल्लेला. मांडीवर अर्ध्या उताणा पडलेला आणि पप्पांच्या हातात पक्कड. ते तारेची बारीकशी सायकल वळवत होते, चाकं बाटलीच्या बुचांची. रेडिओ इतका हळू लावला होता की बाहेर ऐकू येत नव्हता. मी त्यांना कंपनीतून दमून आलेले पाहिलं होतं, चिडलेले पाहिलं होतं, पण घरात दुपारी असे चोरासारखे बसलेले कधी पाहिले नव्हते. मी खिडकीच्या गजावर टकटक केलं. त्यांनी वर पाहिलं आणि सगळ्यात आधी अर्ध्याला पाठीमागे लपवलं.

त्यांनी दार उघडलं. मग त्यांनी सांगितलं. कंपनी दिवाळीच्या आधीच बंद झाली होती. आज उघडेल, उद्या उघडेल असं म्हणता म्हणता गेटवर मोठं कुलूप लागलं होतं. रोज सकाळी ते लुना घेऊन निघायचे, पंचवटीत भाजीबाजाराच्या बाजूला घाटावर बसायचे, आम्ही सगळे गेलो की लुना गल्लीबाहेर ठेवून परत यायचे, आणि आम्ही दोघं शाळेतून यायच्या आत पुन्हा बाहेर पडायचे. दुसऱ्या कंपन्यांच्या गेटवरही जाऊन आले होते, आणि फंडातले पैसे पगार म्हणून आईला देत होते. घरात बसून हात शिवशिवायचे, म्हणून अर्ध्याला हलवून बघितला. मुलांना गंमत वाटेल, आईला वाटेल मुलांनी केलं.

“आणि खाला?” मी विचारलं.

पप्पांनी चष्मा काढला. “खालाला माहीत आहे. पहिल्याच दिवशी तिने मला बघितलं. मी म्हटलं, घरात सांगू नका, मी सांगतो. किल्ली घेतल्यावर मी अर्ध्याला हात लावला नाही. मग वाटलं, आता हलवला तर तुझ्या आईला कळेल की खाला नव्हती.”

मी म्हटलं, “आई म्हणते, तिने दुसरी किल्ली करून घेतली.”

पप्पांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. ते रागावले नाहीत, आणि आईला सांगू नकोस असंही म्हणाले नाहीत. त्यांनी डबा बंद केला, कप विसळला, तो नेहमीच्या जागी न ठेवता ओट्याच्या मधोमध ठेवला. मग मला म्हणाले, सॅमीला आणायला जाऊ चल, आणि त्या दिवशी भर दुपारी, सगळ्या गल्लीदेखत, ते माझ्याबरोबर घराबाहेर पडले. खालाच्या खिडकीवरून जाताना यंत्र थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

संध्याकाळी आई करंज्या तळत होती. मी कातणीने कडा कापत होते, सॅमी सारण चोरून बाहेर पळाला होता. पप्पा दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी सरळ सांगून टाकलं, प्रस्तावना न करता, कंपनी, घाट, अर्ध्या, सगळं. आईने गॅस बारीक केला. कढईतली करंजी तिने उलटली, तांबूस झाली तशी काढली, निथळायला ठेवली. मला वाटलं ती रडेल किंवा भांडेल. तिने विचारलं, “मी रोज डबा भरत होते तो कुठे खात होता?” पप्पा म्हणाले, कधी घाटावर, कधी इथेच. मग ती म्हणाली, “म्हणजे भिंतीपलीकडच्या बाईला माहीत, आणि मला नाही.” एवढंच. तिचा राग कंपनीवर नव्हता, पप्पांच्या बेकारीवर नव्हता. आज मी तिच्या त्या वेळच्या वयापेक्षा मोठी आहे, आणि मला वाटतं तिला सगळ्यात जास्त झोंबलं ते हे, की इतके दिवस ती इतक्या बारकाईने बघत होती, आणि चुकीच्या दिशेला बघत होती.

ताटात करंज्या, चकल्या, शंकरपाळे भरून, वर क्रोशाचा रुमाल टाकून ती शेजारी निघाली. किल्ली मुठीत होती. या वेळी मी आपणहून मागे गेले, पप्पाही आले. खालाने ताट घेतलं, आत ठेवलं, रिकामं ताट परत द्यायचं नसतं म्हणून त्यात थोडी साखर घातली. आईने तेवढ्यात सगळं सांगितलं, माफी मागितली, आणि मग न राहवून विचारलं, “खाला, मी आले होते तेव्हा तुम्ही का नाही सांगितलं?”

“भाऊंनी सांगायची गोष्ट मी कशी सांगू?” खाला म्हणाली. “आणि ताई, तुम्ही मला विचारलं कुठे? तुम्ही किल्लीच मागितली.”

आईने मूठ उघडून किल्ली पुढे केली. खालाने आईची बोटं हळूच परत मिटवली. माझ्याजवळ नको आता, म्हणाली. परत कधी काही इकडचं तिकडे झालं तर तुमच्या मनात माझंच नाव येईल. तुमच्यासाठी पण नको आणि माझ्यासाठी पण नको. तिच्या बोलण्यात राग नव्हता. पप्पा खाली मान घालून उभे होते. खालाने त्यांना फक्त एवढंच विचारलं की यंत्राचा पट्टा सैल झालाय, बघून देता का, आणि ते लगेच खाली बसले.

पप्पांना पुढे नाशिकच्याच द्वारका चौकाजवळ एका ग्रिल बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं. पहिल्यासारखी कंपनीची नोकरी परत कधी लागली नाही, पण त्यांनी वळवलेली खिडक्यांची नक्षी अजूनही शहरात कुठे कुठे दिसते. आई मात्र पुढची कित्येक वर्षं संध्याकाळी त्यांचा डबा हातात घेतला की उघडण्याआधी त्याचं वजन बघायची. लुनाचं इंजिन गरम आहे का, हे जाता जाता हाताने चाचपायची. पप्पांना ते दिसायचं. सॅमीला आम्ही सगळ्यांनी मिळून सांगितलं की अर्ध्याला दिवसा हलायची परवानगी फक्त त्या वर्षापुरती होती. त्याने ते मान्य केलं. सायकलवर बसलेला अर्ध्या नाताळच्या सकाळी चांदणीखाली टांगलेला होता, आणि तो कोणी ठेवला हे त्या दिवशी घरातल्या सगळ्या मोठ्यांना ठाऊक होतं.

नाताळच्या दुपारी चर्चहून आल्यावर पाहुणे येत-जात होते. पप्पा खुर्च्या मांडत होते, आई स्वयंपाकघरात मटणाच्या पातेल्याशी होती. मी दारात रांगोळी पुन्हा नीट करत होते, तेव्हा हमीदाखाला आली. नवी ओढणी, हातात झाकलेलं भांडं, त्यात शेवयांची खीर. जितकी वर्षं आम्ही शेजारी होतो तितकी वर्षं ती मागच्या दाराने सरळ स्वयंपाकघरात यायची, पातेल्यावरचं झाकण उचलून वास घ्यायची, मीठ कमी आहे म्हणायची. त्या दिवशी ती पुढच्या दाराशी आली, उंबऱ्याबाहेर थांबली आणि आत बघत म्हणाली, “येऊ का?”

आई हात पुसत बाहेर आली. पप्पा हातातली खुर्ची तशीच धरून उभे राहिले. आईला उत्तर द्यायला क्षणभर उशीर लागला, कारण हमीदाखालाला ‘या’ असं आमच्या घरात तोवर कोणी कधी म्हटलंच नव्हतं.